कापलेला कोंब

२ नोव्हेंबर

आणखी एक फांदी काळी पडली! शेंड्यापासून वीतभर. काल संध्याकाळी चांगली हिरवी होती, आज जळक्या काडीसारखी. सगळा त्या खाऱ्या वाऱ्याचा प्रताप. समुद्राच्या बाजूला गोणपाट बांधलंय, रोज सकाळी पानं गोड्या पाण्याने धुतेय — तरी हे!

आई गेल्यावर या घरात राहायला आले त्याला आठ महिने झाले. तिची खुर्ची, तिची भांडी, तिचं उर्मट मांजर — सगळ्यांशी जमवून घेतलं. हा केशरी गुलाब तेवढा मला जुमानत नाही. हायब्रिड टी म्हणे. एका दांड्यावर एकच फूल, तेही मान ताठ करून. दादाने कलम करून आईला लावून दिला होता.

दादा आणि मी बोलत नाही. पुढच्या महिन्यात पंचवीस वर्षं होतील. आई होती तोवर त्याचा रविवार होता, माझा बुधवार. चुकूनही गाठ पडली नाही.

५ नोव्हेंबर

गुलाबांवरची तीन पुस्तकं आणली आणि एका बैठकीत संपवली. आता कळलं! गुलाब म्हणजे मुळात दोन झाडं. खाली रानटी मूळ, वर कलम. कधीकधी रानटी मूळ आपलाच कोंब वर काढतं, तो भराभर वाढतो आणि कलमाला उपाशी मारतो. ओळख — मातीतून येतो, आणि एका देठावर पाचाऐवजी सात पानं असतात. ‘दिसताक्षणी कापा.’

आणि माझ्या बागेत तोच उभा! बुंध्याशी मातीतून आलेला, लालबुंद, पंधरा दिवसांत कमरेएवढा. मी वेडी त्याचं कौतुक करत होते! पानं मोजली. सात. दुसरा देठ मोजला. सातच.

कापला, मातीलगत. 

शेजारचा शिंपी कुंपणावरून म्हणाला, “बाई, एवढा जोमदार होता, कशाला हो मारलात?” त्याला दहा मिनिटं समजावलं. आतून पोखरणारा बाहेरून जोमदारच दिसतो, वगैरे. तो म्हणतो, “सभेत छान वाटेल हे.” खवचट मेला!

८ नोव्हेंबर

भोंगा येऊन गेला. युनियनचा जुना चिटणीस. त्याने घोषणा दिली की कारखान्याच्या भोंग्याची गरज नसे, म्हणून हे नाव. चौदा डिसेंबरला संपाला पंचवीस वर्षं होतात. त्याच मैदानावर सभा. “नेहमीचंच बोला, बाई. ते भावाचं पाहिजेच, असं पोरं म्हणतात.” हे बोलताना कपात बघत होता. चहात माशी पडली असेल.

ते भावाचं! संपाचा एकोणिसावा दिवस. लोक ढिले पडत चालले होते. संप आमच्या बर्फाच्या कारखान्यात, दादा तिथे यंत्रांवर होता. ओळीने तीन दिवस, सकाळी, त्याला मागच्या दाराने बाहेर पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हात तेलाने माखलेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी व्यासपीठावरून म्हणाले — “फितूर शोधायला लांब कशाला जाता? माझ्या ताटाला ताट लावून जेवतो तो!” मैदान पेटलं. दुसऱ्या दिवशी एकही माणूस आत गेला नाही. आठवड्यात संप जिंकलो.

दर वर्षी ते वाक्य म्हणते. दर वर्षी टाळ्या.

यंदाही म्हणेन.

१५ नोव्हेंबर

दोन फांद्या गेल्या. आता एकच. झाडासमोर काय बोलायचं ते कोणत्याही पुस्तकात नाही.

१९ नोव्हेंबर

बसवत नाही, वाचवत नाही. शेवटी वहिनीला फोन केला. मी! दादाने कारखाना सोडल्यापासून दोघं कलमंच करतात. कोरडेपणाने म्हणाली, “उद्या येते.”

२० नोव्हेंबर

वहिनी आली. केस पांढरे झालेत. चहा नको म्हणाली, थेट झाडाशी जाऊन बसली.

“हे काय कापलंत, वन्सं?”

“रानटी होतं. सात पानं होती.”

“मग? याला सातही येतात. खणून पाहिलंत, कुठून फुटलं होतं ते?”

नव्हतं पाहिलं.

तिने चमच्याने माती उकरली. चार बोटं खाली कलमाचा जोड, गाठीसारखा. आणि माझा कापलेला खुंट जोडाच्या वर! “इथे वारा फार. झाड हलू नये म्हणून ह्यांनी जोड मुद्दाम खोल पुरला होता. मातीतून आला तरी कोंब आपलाच होता, वन्सं. जुन्या फांद्या कधीतरी जायच्याच. झाड पुढे याच्यावरच चाललं असतं.”

“आता?”

“ही एक आहे ना, हिला फुलू द्या. फूल गळायला लागलं की त्याच्या खालचे डोळे, पानांच्या बगलेतले बारीक कोंब, तयार होतात. फांदी कापून आणायची आणि ते डोळे दुसऱ्या रानटी मुळावर खाच पाडून भरायचे. दोन दिवसांत, नाहीतर सुकतात. पण इतक्या बारीक फांदीवरचे डोळे ह्यांच्याच हाताला जमतील.”

“मग सांग ना त्याला.”

“मी नाही सांगणार. बोलायचं काम तुमचं.”

निघताना फाटकाशी थांबली. “चौदाला सभा ना? आमचं घर मैदानाला लागूनच. त्या दिवशी आम्ही खिडक्या लावून घेतो आणि रेडिओ मोठा करतो. पंचवीस वर्षं.”

२१ नोव्हेंबर

तीन सकाळी पाहिलं. तीन. मोजलं बरोबर. विचारलं एकदाही नाही.

२६ नोव्हेंबर

पाच दिवस येरझाऱ्या घातल्या, आज भोंग्याचं घर गाठलं. ओट्यावर खुर्चीचा पाय ठोकत बसला होता. उभ्या उभ्याच विचारलं — दादा आत काय करत होता?

“आता कशाला, बाई?”

“सांग.”

हातोडी खाली ठेवली. “अमोनिया. बर्फाच्या यंत्रांतला विषारी वायू. आपण सगळेच बाहेर पडलो. गळती झाली असती तर मागची वस्ती झोपेतच गेली असती. म्हणून युनियनच्या अध्यक्षांनी त्याला रात्रीचं आत पाठवलं. ते, मी आणि तो — तिघांनाच ठाऊक. मालकाला कळतं तर म्हणाला असता, बघा, संपवालेच माझा कारखाना सांभाळतायत. त्याच्याकडून शपथ घेतली होती.”

“आणि मी बोलले तेव्हा?”

“सभा पेटली होती, बाई. कोण थांबवणार? त्या भाषणावर तर जिंकलो आपण.”

“आणि नंतर? पंचवीस वर्षं?”

भोंगा हळू आवाजात बोलू शकतो हे आज कळलं. म्हणाला, “तुम्ही ते वाक्य फार छान म्हणता हो.”

१ डिसेंबर

कळी धरली. वाटाण्याएवढी.

५ डिसेंबर

दादाला फोन लावला. त्यानेच उचलला. “हॅलो.” मग पुन्हा, “हॅलो?” आवाज म्हातारा झालाय.

ठेवून दिला! पाच हजारांच्या मैदानाला गप्प बसवलंय मी, आणि इथे घशातून एक ‘दादा’ निघेना!

रागाने अख्ख्या ओटीवर पोछा मारला. दोनदा.

११ डिसेंबर

उमललं. पाकळीच्या बुडाशी पिवळं, कडेला जवळजवळ तांबडं, आणि मधे तो केशरी. शिंपी कुंपणावरून बघत राहिला. चक्क एकही टोमणा नाही.

१३ डिसेंबर

बाहेरच्या दोन पाकळ्या सैल झाल्या. भाषण चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं.

१४ डिसेंबर

बोलले. सगळं. त्याने काय केलं, कोणासाठी केलं, मी काय म्हटलं, आणि पंचवीस वर्षं त्यावर कशा टाळ्या घेतल्या. “फितूर माझ्या घरात नव्हता,” म्हणाले. “चूक मात्र माझ्या घरातच होती, आणि ती मी दर वर्षी या मैदानावर आणून वाजवली.”

टाळी नाही. कोणीतरी खोकलं. पोरं एकमेकांकडे बघत होती. भोंगा मधेच उठून गेला.

तरी घरी येताना पाय हलके होते! आता तो येणार. उद्या सकाळीच येईल, मला ठाऊक आहे. झाडाजवळ स्टूल मांडलं, सुरीला धार लावली, बांधायला पट्टी काढून ठेवली. साखरही बघून ठेवली. तो दोन चमचे घ्यायचा.

१५ डिसेंबर

आठला फोन. वहिनी. “वन्सं, लोक काहीबाही सांगतायत. काल काय बोललात? आम्ही तर खिडक्या लावून बसलो होतो, नेहमीसारखे.”

पाकळ्या पायरीवर पडल्यात. फांदी कापली. चार डोळे. ओल्या फडक्यात गुंडाळली आणि निघालेय. बोलायला काहीही लिहून घेतलेलं नाही.