लुआ आजींची थंड चूल

काम किम, बुधवार

प्रिय आई,

डिएपचा वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

इथे फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना सायकलवरून भातखाचरांतून फिरवते, घरोघरी काहीबाही चाखायला देते. ते इतके सावकाश चालवतात की बदकंही पुढे निघून जातात.

काल वाटेवरच्या लुआ आजींकडे कोळंबीची धिरडी खायला थांबलो, तर चूल थंड. आजी मोरीपाशी घसरून सकाळपासून तशाच पडल्या होत्या. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात न्यायला उचललं, तर आजी मला म्हणतात, "पीठ भिजवलंय. पाहुणे उपाशी जायला नकोत."

"साइगॉनला मुलाला कळवू का?"

"कशाला? उगाच धावत येईल. मी बरी आहे म्हणून सांग."

मग धिरडी मीच घातली. पहिली तीन करपली, तरी पाहुण्यांनी मिटक्या मारत खाल्ली. आजींचं हाड मोडलेलं नाही. मुलाला मी कळवलंच, आज तो आला. आजी आता माझ्याशी बोलत नाहीत.

कालपासून माझं कशात लक्ष लागत नाही. आई, तुझा गुडघा खरंच बरा आहे ना? मागच्या पत्रातलं अक्षर तुझं नव्हतं. कोणाकडून लिहून घेतलंस? पाणी कोण भरतं?

शनिवारच्या आगगाडीने नाम दिन्हला यायला निघतेय. नको म्हणायला तुला वेळच ठेवलेला नाही. हे पत्र हाती पडेल तेव्हा मी वाटेत असेन.

तुझीच,
डिएप