मधल्या नावाचा माणूस

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळसुद्धा लिहिली नाही. आज लिहायला बसले आहे, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती नक्की कसली चूक आहे हे समजेल असा माणूस इथं नाही. घरात सांगितलं तर हे म्हणतात, तू फार विचार करतेस, यार, सोड ना. मला सोडता येत नाही. तुम्हीच तसं शिकवलं आहेत.

मी आता अमेरिकेत असते, शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिल नावाच्या गावात. तुमच्या डोळ्यांसमोरची मी मात्र अजून आपल्या स्वयंपाकघरात बसलेली असणार. माझ्या दम्यामुळे आठव्या वर्षापर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही कोर्टात जायच्या आधी पाटावर बसून मला धडा देता आहात, आणि धड्याचं पुस्तक म्हणजे आजोबांच्या ट्रंकेतलं शेताचं जुनं खरेदीखत. तुम्ही तालुक्याच्या कोर्टात नक्कल विभागात कारकून. त्यामुळे मला लिहायला आलं तेच कोर्टाचं मराठी. शाळेत गेल्यावर गायीवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी ‘सदरहू गाय पांढरी असून तिजला चार पाय आहेत’ असं लिहिलं होतं. गुरुजी ती वही घेऊन तुमच्याकडे आले आणि तुम्ही दोघं ओसरीवर इतके हसलात की मी आत जाऊन रडले. नंतर तुम्ही मला जवळ घेऊन म्हणालात, त्यात चूक काहीच नाही, फक्त गायीवर दावा चालू नाही एवढं लक्षात ठेव.

मधल्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन कोर्टात यायची. नक्कल विभागाची ती लांब खोली, दप्तरांची लाल फडकी, आणि रुजवात चाललेली. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं. तुमचा आवाज एका सुरात चाललेला असे. जिथं खोडलं असेल तिथं ‘खोडलं आहे’ हेही वाचायचं, डाग असेल तर डागही वाचायचा. मला तेव्हा वाटायचं, कागदाला वाचता येत नाही म्हणून तुम्ही त्याला तो वाचून दाखवता.

आणि तो दिवस. मी नऊ वर्षांची असेन. त्या खरेदीखताची नक्कल मी काढत होते. चतुःसीमा आल्या. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस तमक्याचं, दक्षिणेस ओढा, आणि उत्तरेस जे काय होतं ते वाळवीनं खाल्लेलं. मी ‘उत्तरेस रस्ता’ असं लिहून टाकलं. रुजवातीला बसलो आणि तुमचा आवाज थांबला. तुम्ही त्या शब्दावर बोट ठेवून विचारलंत, ‘‘हे तुला कुठं दिसलं?’’

मी म्हटलं, शेतात. आपल्या शेताच्या उत्तरेला रस्ताच आहे, मी त्यावरून चालले आहे.

‘‘कागदात दिसलं का?’’

तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, ‘‘जिथं वाळवीनं खाल्लं तिथं ‘कागद फाटला आहे’ असं लिहायचं. रस्ता असला तरी. आपण भरायचं नाही.’’ मग तो अख्खा कागद मला पहिल्यापासून पुन्हा लिहायला लावलात. आई म्हणाली, एवढंसं पोर आहे, सोडा की. तुम्ही म्हणालात, पोर आहे म्हणूनच.

आता इथलं सांगते. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. हे सकाळच्या गाडीनं शिकागोला जातात ते संध्याकाळीच येतात. पहिला हिवाळा मी खिडकीतून बर्फ बघत काढला. शेजारी एक ऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहायच्या. मला नावानं हाक मार म्हणाल्या, पण ऐंशीच्या बाईला नावानं कसं बोलवायचं? मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि त्यांनाही ते आवडलं. त्यांची नजर अधू झाली होती, आणि एक काम अर्धं राहिलं होतं. त्यांच्या घराण्यातल्या पहिल्या माणसाचं मूळ शोधायचं होतं. केंटकी म्हणजे जेव्हा वस्तीचा शेवट होता, पलीकडे नुसतं जंगल होतं, तेव्हाचा तो माणूस. त्याची बायको, मुलं, जमीन, सगळं सापडलं होतं. तो कुणाचा मुलगा ते सापडत नव्हतं. मावशी म्हणाल्या, त्याचा बाप कळला की मी मरायला मोकळी. त्या हे चहात साखर घालता घालता बोलल्या, पण चेष्टेत बोलत नव्हत्या.

त्या काळात तिथं जन्ममृत्यूची नोंदच नसे. होत्या त्या दोनच गोष्टी, दरवर्षीची टॅक्सची यादी आणि कोर्टाची वही. जुने कागद फिल्मवर उतरवले आहेत. लायब्ररीत अर्ज दिला की त्यांची रिळं बाहेरून मागवून देतात. मावशी मला गाडीतून न्यायच्या, म्हणजे नजर अधू असताना न्यायच्या, आणि मी देवाचं नाव घेत बसायची. शेवटी मीच ड्रायव्हिंग शिकले. लायब्ररीतल्या यंत्रावर मी त्या याद्या वाचायची. कारकुनाचं अक्षर तिरपं, शाई पुसट, पण तुमच्या मोडीपुढं ते काहीच नव्हतं. माणसाचं नाव, घोडे किती, जमीन कुठल्या ओढ्यावर. दक्षिणेस ओढा! मला एकदम घरी आल्यासारखं झालं. मावशींनी मला त्यांच्या वडिलांचं पितळी मुठीचं भिंग दिलं. पैसे मी घेतले नसते हे त्यांना माहीत होतं.

याद्यांची नक्कल मी तुमच्यासारखी काढली. रुजवातीला यांना बसवलं. चार पानं वाचून झाल्यावर हे म्हणाले, ‘‘दोनशे घोडे झाले, आता तरी मॅच बघू दे.’’ पण नक्कल चोख होती, अण्णा. तिच्यात एक चूक नव्हती.

चूक पुढं झाली. त्या माणसाला मधलं नाव होतं. तेव्हा तिकडं फारशा कुणाला मधलं नाव नसे, याला होतं. आणि त्याच ओढ्यावर, त्याच आडनावाचा, वयानं मोठा असा एक माणूस दरवर्षी यादीत होता, आणि त्याचं पहिलं नाव तेच, जे याचं मधलं. माझं काम झालं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बाप. यात शंका घ्यायची असते हे माझ्या मनातच आलं नाही. मी मावशींसाठी वंशाचा कागद तयार केला आणि त्यात स्वच्छ अक्षरात ‘अमक्याचा मुलगा’ असं लिहिलं. कशावरून ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर इथल्या कुणीही मला सांगितलं असतं की आमच्याकडे मधलं नाव कुणाचंही असतं. पण माझी नक्कल इतकी नीट असायची की मला कुणी काही विचारलंच नाही.

मावशींनी तो कागद छातीशी धरला. त्या वर्षी जूनमध्ये सगळं घराणं केंटकीत जमलं. जुन्या झिजलेल्या थडग्यापाशी नवा दगड बसवला आणि त्यावर बापाचं नाव कोरलं. आम्हालाही नेलं होतं. मी चिवडा घेऊन गेले होते, तो पोरांनी केव्हाच संपवला. फोटोच्या वेळी मावशींनी मला पुढं ओढलं आणि दगडाच्या शेजारी उभं केलं. त्या फोटोत मी हसते आहे. मागच्या दगडावरचं नाव सहज वाचता येतं.

कोर्टाच्या वहीचं रीळ मी कधीच मागवून ठेवलं होतं, ते येत नव्हतं. त्याच्यासाठी थांबायला हवं होतं. ते नोव्हेंबरात आलं. मला वाटलं, आता काय, पण मागवलं आहे तर बघून परत करावं. वहीला सूची नव्हती, पान पान वाचावं लागलं. तिसऱ्या दिवशी दोन नोंदी सापडल्या. पहिलीत एक बिनलग्नाची बाई कोर्टापुढं उभी आहे. तिला मूल झालं आहे. शपथेवर विचारलं, मुलाचा बाप कोण? तिनं सांगायचं नाकारलं. तिला दंड झाला आणि तिचा भाऊ तिला जामीन राहिला. भावाचं नाव वाचून मी यंत्राचं चाक मागं फिरवलं, पुन्हा पुढं आणलं, पुन्हा वाचलं. यादीतला तोच वयानं मोठा माणूस. दुसरी नोंद पाच वर्षांनंतरची. सदरहू बाईचा मुलगा, मधल्या नावासकट त्याचं पूर्ण नाव, वय पाच. बाईच्या भावानं अर्ज केला आहे की बिनबापाचं म्हणून हे पोर परक्याकडे कामाला बांधू नका, माझ्याकडे ठेवा, मी त्याला सुतारकाम शिकवीन. अर्ज मंजूर.

तो मामा होता, अण्णा. आडनाव आईकडून आलं होतं, मधलं नाव मामाचं. मी मामाला बाप केलं, आणि ते दगडावर कोरलं गेलं. बहिणीच्या पोराला ज्यानं जवळ केलं त्याच्यावर मी काय लिहून ठेवलं याचा विचार आला की मला अजून घाम फुटतो. आणि ती बाई. ओळखीच्या सगळ्या पुरुषांसमोर ती उभी राहिली आणि तिनं ते नाव दिलं नाही. दोनशे वर्षं ती जागा मोकळी होती. ती मी भरली.

नोंदींचे प्रिंट घेऊन मी मावशींकडे गेले. दार त्यांच्या पुतण्यानं उघडलं. दोन दिवसांपूर्वी मावशी पडल्या होत्या, अर्धं अंग गेलं होतं. मी त्याला तिथंच दारात सगळं सांगितलं, सांगताना रडले. भला माणूस आहे. त्यानं प्रिंट वाचले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, त्या मामाला मरून दीडशे वर्षं झाली, तो आपल्यावर खटला भरणार नाही. मग म्हणाला, ‘‘तिला सांगू नकोस. तो दगड म्हणजे तिनं केलेली शेवटची गोष्ट आहे.’’ मी विचारलं, मग दगड? तो म्हणाला, माझ्या हयातीत नको, मी मेल्यावर काय ते बघा. मी प्रिंट पिशवीत घालून घरी आले.

तेव्हापासून दर गुरुवारी मी मावशींना भेटायला नर्सिंग होममध्ये जाते. त्यांना पुष्कळसं आठवत नाही, पण मी दिसले की त्या म्हणतात, ‘‘वाच, हनी.’’ मी तो वंशाचा कागद वाचते. नाव, बायको, मुलं, ओढा, अमक्याचा मुलगा. त्या डोळे मिटून ऐकतात आणि बापाचं नाव आलं की मान हलवतात. त्या बाईनं कोर्टात शपथेवर जे सांगितलं नाही ते मी आठवड्याला एकदा मोठ्यानं सांगते, आणि तेही तिच्याच भावाचं नाव. तुमच्यासारख्या एका सुरात.

खरं सांगायला तोंड उघडावं म्हटलं तर समोर त्यांचा चेहरा असतो. गप्प बसावं म्हटलं तर तुम्ही बोट ठेवून बसलेले असता. या दोन्हींमधून जायला वाट आहे का, हे तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत. तुमच्या नक्कल विभागात कागद वाचून घेणाऱ्याचा चेहरा समोर नसायचा. नक्कल खिडकीतून बाहेर दिली की संपलं. की नसायचं संपत? मी कधी विचारलं नाही.

आज गुरुवार. बाहेर बर्फ होता, रस्ते निसरडे, तरी गेले. मी वाचायला सुरुवात केली आणि मावशींनी मला थांबवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, ‘‘आणि त्याची आई कोण?’’

कागदावर आईचं नाव नाही. पण मला ते पाठ आहे. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, वाकड्या झालेल्या तोंडानं, हळू. मग विचारलं, ‘‘आणि बाप?’’

कागद माझ्या हातात होता, नाव माझ्या अक्षरात समोर होतं. मी म्हटलं, ‘‘तिथं कागद फाटला आहे, मावशी.’’

‘‘उंदीर,’’ म्हणाल्या, अगदी खात्रीनं, आणि अर्ध्या तोंडानं हसल्या. मग माझा हात धरून झोपल्या. पुढच्या गुरुवारी त्या काय विचारतील मला माहीत नाही. पुतण्या म्हणेल, हे फार छान केलंस. हेही म्हणतील, बघ, सुटलं ना. दगड तिकडं केंटकीत आहे तसाच आहे.

हे पत्र मी कुठं पाठवणार? कोर्टाच्या प्रिंटांबरोबर भिंगाखाली ठेवीन. पण एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. तुमचं ते वाक्य मी आज मोठ्यानं म्हटलं आणि मावशींना खरं वाटलं. अण्णा, कागद फाटलेला नव्हता. कोर्टाच्या वहीचं ते पान शाबूत आहे. त्यावरचं एक अक्षरही गेलेलं नाही.