चाळीस गाण्यांचं मशीन

आदिलाबाद,
ता. ९ ऑगस्ट १९९८

चि. चंपत यास,
नागोरावमामाचा जय भीम.

इकडे सारे खुशाल आहेत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागते म्हणून लिहिलं. तुझी मामी विमलबाई विचारून राह्यली, हैदराबादच्या सूनबाईले आता मराठी समजते का. समजत असेल तर हे पत्र तिलाही वाचून दाखव, लपवण्यासारखं काही नाही.

काम असं आहे. मला कॉम्प्युटर घ्यायचा आहे. हसू नको. लग्नात भोंगे बांधणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर कशाला, हे बाजारात सारेच विचारून झाले. मला गाणी भरून घ्यायची आहेत, चाळीस. गळा एका बाजूला, पेटी-ढोलकी दुसऱ्या बाजूला, आणि मुख्य म्हणजे एकेक ओळ वेगळी भरून मग जोडता आली पाहिजे. टेपवर ते होत नाही. मी ब्लेडनं टेप कापून, चिकटपट्टी लावून पाहिलं, जोडावर 'टक्' वाजते. दुसऱ्याला ऐकू येत नाही, मला येते.

परवा नागपूरला जाऊन आलो. तिथला दुकानदार कंपनीचं मशीन दाखवत होता, सदुसष्ट हजारांचं, वर प्रिंटर फुकट. म्हणे, "काका, इसमें पिक्चर भी दिखता है, गेम भी है, आवाज तो एकदम साफ." मी दारातच उभा होतो. म्हटलं, "भाऊ, हे घरघर काय वाजून राह्यलं?" म्हणे, "वो तो पंखा है, सबमें होता है." मी विचारलं, ऐकवता ऐकवता भरूनही घेते का? म्हणजे पेटी कानात वाजत राहील आणि तिच्यावर गळा भरता येईल? तो पोऱ्याकडे पाहू लागला, पोरगा छताकडे. मी चहा पिऊन निघालो.

माझ्याजवळ पंचेचाळीस हजार आहेत. भोंग्यांचा एक पूर्ण संच विकला. तेवढ्यात काय बसते ते तू सांग. मेमरी किती, डिस्क किती मोठी, पैसा कुठं घालायचा आणि कुठं वाचवायचा. या कामात तू रोज बसतोस. आणि वीस तारखेच्या आत मशीन चालू झालं पाहिजे. घाई काऊन, ते विचारू नको.

फोन करत नाही. फोनवर माणूस लवकर खोटं बोलते.

गाणारी तुझी आई आहे. तिचं नाव पहिल्या ओळीत आलं असतं तर तू पत्र पुढं वाचलं नसतं, म्हणून शेवटी लिहिलं.

तुझा,
नागोरावमामा


आदिलाबाद,
ता. १७ ऑगस्ट १९९८

चि. चंपत यास,
जय भीम.

तुझं पाच पानांचं पत्र बसच्या ड्रायव्हरनं दुकानात आणून दिलं. इतकं सरळ मला आजवर कोणत्या दुकानदारानं समजावलं नाही. कंपनीचं नको, जुळवलेलं घ्या. पडदा चौदा इंची चालेल, रंग पाहायचे नाहीत. प्रिंटर नको. वाचलेला पैसा मेमरीत, डिस्कमध्ये आणि आवाजाच्या कार्डात घाला; कार्ड ऐकवता ऐकवता भरणारंच घ्या, दुकानात लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एका मिनिटाला डिस्कवर किती जागा लागते तेही तू मांडून दिलं. पंख्याचा उपाय मात्र माझा मला सुचला. मशीन शेजारच्या खोलीत ठेवतो आणि भिंतीला भोक पाडून वायर आणतो. वायरची आपल्याकडे काय कमी!

पण दोन गोष्टी तू लिहिल्या, त्या मला टोचल्या.

एक, दिवाळीपर्यंत थांबा, भाव दहा हजारानं उतरतील.

दुसरी, 'आई चार-चार तास सलग गाते, तिला ओळीओळीनं कशाला भरता? टेप लावा आणि गाऊ द्या.'

चंपत, थांबता येत नाही. आणि तुझी आई आता सलग गात नाही. दोन ओळी झाल्या की खोकला येते, मग पाणी, मग पाव तास काहीच नाही. म्हणून ओळीओळीनं.

पुढची ओळ मी तीन वेळा खोडली. तिच्या गळ्यात गाठ आहे. वाईट गाठ. चार सप्टेंबरला नागपूरला ऑपरेशन आहे, दोन तारखेला भरती करायचं. गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात, आवाज नाही.

तुला कळवू नको, असं तिनं मला आपल्या पोटावर हात ठेवून बजावलं. "त्यानं मले मांडवात बसवलं खाली. आता दवाखान्यात पाह्याले काऊन बोलवू?" तुझ्या लग्नात ती गायला उठली आणि तू "आई, इथं नको" म्हणालास, ते तिच्या मनातून दोन वर्षांत गेलं नाही. मी तुला दोष देत नाही. साहेबलोक बसले होते, तुझी नवी नोकरी होती. पण ती त्याच रात्रीच्या बसनं न जेवता गावी, बेल्याला, परत आली, हे तुला माहीत नसेल.

आता माझी अडचण समज. तिला लिहिता-वाचता येत नाही. चाळीस गाणी तिनं स्वतः जुळवली, कापूस वेचणीच्या रांगेत, जात्यावर, गाडीत बसून. एकही कागदावर नाही. मी लिहून घेऊ का विचारलं तर म्हणे, "चाल कशी लिहशील?" आवाज गेला की सारं तिच्या आत बंद. ना गाता येईल, ना लिहून सांगता येईल.

तिला मी बेल्याहून इथं आणलं आहे. गोदामाच्या चारही भिंतींना कापसाच्या गाद्या टांगल्या. परवा मशीन आणतो.

तुझा,
नागोरावमामा


आदिलाबाद,
ता. २९ ऑगस्ट १९९८, शनिवार

चि. चंपत,

तुझं उत्तर मिळालं. चार पानं मशीनची आणि एक ओळ आईची. 'मी आलो तर तिला त्रास होईल, तुम्ही सांभाळा.' ती ओळ मी बाजूला ठेवतो. आधी मशीनचं सांगतो.

तुझ्या यादीप्रमाणे बेचाळीस हजार सहाशेत सारं बसलं. वीज गेल्यावर मशीन थोडा वेळ चालवणारी ती बॅटरीची पेटी तेवढी मी गाळली. आपल्याकडे जनरेटर आहे, म्हटलं. ही पहिली चूक.

काम मात्र काय सुंदर चाललं होतं! पेटीवर आपला भिवाजी. तुझी आई गादीवर, कानात हेडफोन, पदर डोक्यावरून घेऊन. पहिल्या दिवशी तिनं स्वतःचाच आवाज हेडफोनमधून ऐकला आणि भिवाजीला म्हणे, "हे बाई कोन व्हय? बरी गाते." पडद्यावर आवाजाची नक्षी दिसते ती पाहून म्हणाली, "माह्या खोकल्याचा डोंगर केवढा मोठा हाय पाह्य!" मी तो डोंगर तिच्यासमोर पुसून टाकला. ती पडद्याजवळ सरकून बसली. मग म्हणे, "डाक्टरले दे ना हे मशीन."

मशीन कोणी सांगितलं, हेही तिनं विचारलं. मी म्हटलं, नागपूरच्या दुकानदारानं. म्हणे, "खोटं नको बोलू नाग्या. एवढं सस्तं अन् एवढं चांगलं कोनता दुकानदार सांगते?" पुढं काही विचारलं नाही. पण मशीनवर रोज सकाळी फडकं तीच मारते.

सहा दिवसांत सव्वीस गाणी झाली. मग परवा, गुरुवारी, तिचा गळा सकाळपासून मोकळा होता. एका बैठकीत एकोणीस ओळी झाल्या, चार गाणी पूर्ण. भिवाजीच्या डोळ्यांत पाणी. सव्वाअकराला वीज गेली.

मी जनरेटर लावला, मशीन सुरू केलं, आणि त्या एकोणीसपैकी एकही ओळ नव्हती.

तू पहिल्या पत्रात तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करा', खाली दोन रेघा मारून. मी वाचलं होतं रे. पहिले सहा दिवस संध्याकाळी उठताना करतही होतो, दुकान बंद करताना कुलूप लावावं तसं. पण मी टेपचा माणूस. तीस वर्षांत टेपवर जे एकदा भरलं ते तिथंच राहिलं, वीज जावो का दुनिया जावो. भरून झाल्यावर पुन्हा 'ठेव' म्हणून सांगावं लागते, हे हाताला कळलंच नाही.

तुझी आई रागावली नाही. "जाऊ दे. उद्या पुन्हा म्हनतो." काल गळा उघडला नाही. आज सकाळी एक ओळ आली, तीही अर्धी. दोन दिवसांत एक अर्धी ओळ. आता मंगळवारपर्यंतचे तीन दिवस आहेत आणि चौदा गाणी.

आता ते, जे मी आधीच्या दोन पत्रांत लिहिलं नाही.

माझ्या कानाची सारे तारीफ करतात. जानेवारीत जैनथला कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्यात, वरच्या पट्टीत चढताना, तिच्या आवाजात बारीक चीर ऐकली मी. केसाएवढी. हजार माणूस बसलं होतं, कोणाला कळलं नाही. तिलाही नाही. मला कळलं.

आणि मी काय केलं? बटण फिरवलं. इको वाढवला. चीर झाकली गेली.

कार्यक्रम झाल्यावर तिच्या हातात ज्येष्ठमध ठेवला आणि म्हटलं, धूळ गेली असेल. एप्रिलमध्ये जयंतीचे अकरा कार्यक्रम ठरले होते, तिच्या नावावर. माझ्या शब्दावर. प्रत्येक कार्यक्रमाला चीर वाढत होती आणि मी बटण थोडं थोडं जास्त फिरवत होतो. मे महिन्यात माझं बटण शेवटाला टेकलं, तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं; तपासण्या होऊन ऑपरेशनचा नंबर सप्टेंबरचा लागला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "चार-पाच महिने आधी आणलं असतं तर नुसत्या किरणांच्या शेकानं भागलं असतं. तुमच्यापैकी कोणालाच आवाजातला फरक कळला नाही?"

मी म्हटलं, नाही साहेब.

हे विमलबाईला माहीत नाही. भिवाजीला नाही. तिला नाही. त्या मशीनसमोर बसतो, तेव्हा तिची एकेक ओळ इको न लावता उघडी ऐकू येते. प्रत्येक ओळीत ती चीर आहे आणि प्रत्येक ओळीत मी आहे. भिवाजी म्हणतो, थोडा इको टाका, गोड वाटेल. माझा हात जात नाही. ही घाई, हा कॉम्प्युटर, भोंगे विकणं, सारं काय आहे ते तू आता समजला असशील. मी कलेची सेवा करून नाही राह्यलो.

म्हणून तुझ्या त्या ओळीवर येतो. 'मी आलो तर तिला त्रास होईल.' होईल. ती तुला बोलेल, घालून पाडून बोलेल, लग्नातलं सारं काढेल. बोलू दे. चार तारखेनंतर ती तुला काहीच बोलू शकणार नाही, चांगलं ना वाईट. तू मग रोज येऊन पायाशी बसलास तरी ती नुसती पाहील, आणि ती रागानं पाहते का मायेनं, हे तुला उरलेलं आयुष्य अंदाजानं ठरवावं लागेल. तिला खरं कळलं तर ती काय म्हणेल, या अंदाजाची मला मे महिन्यापासून सवय आहे, तुला ती नको लागायला.

मशीनवर तू बैस. माझ्या हातून आणखी एक दिवस गेला तर मी सहन करू शकणार नाही. पण चौदा गाणी झाली नाहीत तरी चालेल, असं मी आज पहिल्यांदा लिहितो. एक गाणं कमी भरलं जाईल, पण तिनं आपला गळा तुझ्याशी भांडायला खर्च केला तर तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

तू आलास की मी तुझ्यासमोर तिला जानेवारीचं सांगणार आहे. नाही आलास तरी सोमवारी सांगणारच. तिला मला शिव्या देता येतात तोवर सांगितलं पाहिजे. मुकी झाल्यावर तिच्याकडून माफी घेणं म्हणजे पुन्हा चोरीच.

हे पत्र आज रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतो. तो उद्या सकाळी तुझ्या दारात येऊन हातात देईल, आणि उद्या रात्री नऊला तीच बस परत फिरते. त्याला मी एक सीट धरून ठेवायला सांगितली आहे, खिडकीजवळची. दोन लागल्या तर दोन.

ज्याला सगळ्यांच्या आधी ऐकू आलं होतं, तो
नागोराव