लांबचे पेशंट

मंगळवार, ४ मार्च. टूवूंबा, ऑस्ट्रेलिया
काय झालं, क्रमाने:
१. हार्टचे पेशंट घरी गेल्यावर महिन्याभरात परत भरती होतील का, हे जुन्या नोंदींवरून सांगणारं रिग्रेशन मॉडेल मी बांधलं.
२. त्यात घर ते हॉस्पिटल हे अंतर घातलं.
३. उत्तर आलं: घर जितकं लांब, तितका धोका कमी. शेतावरची माणसं काटक, हे कारणही मीच लिहिलं.
४. १७ तारखेपासून कमी धोक्याच्या पेशंटना घरी गेल्यावर विचारपूस करणारे नर्सचे फोन बंद. यादी मॉडेल देणार.
५. आज वॉर्डातल्या शॅरनने यादी पाहिली.

शॅरन इथे वीस वर्षं नर्स आहे. म्हणाली, "मग मीपण दोनशे किलोमीटर लांब राहायला जाते. मरायलाच नको." नंतर सांगितलं, दम लागला की ही माणसं इथवर गाडी हाकत येत नाहीत, गावच्या छोट्या हॉस्पिटलात जातात.
तिथल्या नोंदी माझ्या डेटात नाहीत.

बुध. ५
अंतर काढून पुन्हा चालवलं. उपयोग नाही. निकालाचा रकानाच चुकीचा. 'परत आला नाही' म्हणजे फक्त 'आमच्याकडे आला नाही'. हे आधीच दिसायला हवं होतं. जेवले नाही.

गुरु. ६
प्रोजेक्ट कुलकर्णी सरांचा. बाकीचे त्यांना नावाने हाक मारतात, मला अजून जमत नाही. सगळं सांगितलं.
"अगं, प्रत्येक मॉडेलमध्ये काहीतरी खोट असतेच. रिसर्च पेपरात लिमिटेशन्सखाली एक वाक्य टाक."
वाक्य पेपरात राहील, फोन बंद होतील. हे मनात. तोंडाने "हो सर" म्हणून बाहेर आले.

शुक्र. ७
सरांची सगळ्यांना मेल: माझ्याशी बोलणं झालंय, मी सहमत आहे, यादी पक्की.
माझं 'हो सर' म्हणजे ऐकलं, एवढंच. त्यांनी होकार धरला. पुण्यात असताना मीही धरला असता.

शनि. ८
शॅरनचा फोन. यादीतले एक आजोबा, एकटे, गुरं पाळतात. मॉडेल म्हणतं, धोका कमी. गेल्या महिन्यात तीन दिवस गावच्या हॉस्पिटलात होते.
असे किती? माहीत नाही. घरात नुसत्या येरझाऱ्या.

सोम. १०
चार मसुदे खोडले. हा पाठवला, सगळ्या टीमला:

"सर, गुरुवारी मी हो म्हणाले, पण सहमत नव्हते. ते तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक मॉडेलमध्ये आहे आणि ती माझी आहे. छोट्या हॉस्पिटलांच्या नोंदी मिळेपर्यंत कोणाचाही फोन बंद करू नये. यादी थांबवणार की नाही, हे बुधवार, १२ मार्चपर्यंत लेखी कळवा."