टेबल चार, कमी तिखट

गुरुवार, २ ऑक्टोबर. दुपारी ४.१५

हेग शहरातील साध्या उपाहारगृहांचे पद्धतशीर सर्वेक्षण आजपासून सुरू करीत आहे. दर गुरुवारी एक, आणि कोणत्याही ठिकाणी दुसऱ्यांदा जायचे नाही. परीक्षकाने ओळख वाढविली की परीक्षा संपली. या शहरात निम्म्या जगाचा स्वयंपाक मिळतो, परंतु निर्दोष भाषेत लिहिलेले मेनूकार्ड एकही मिळत नाही. अडतीस वर्षे शाळेत डच शिकविलेल्या माणसाने हे मुकाट्याने पाहत राहणे बरे नव्हे. लाल पेन खिशात घेतले आहे.

घरी एकट्याने जेवण्याचा कंटाळा, हे या उपक्रमाचे कारण नाही. तशी स्पष्ट नोंद करून ठेवतो.

सायंकाळी ७.३०

पहिली भेट: जगरूप यांचे सुरिनामी रोटीचे उपाहारगृह. गेली दोन वर्षे मी तेथे दर गुरुवारी जातो, ही गोष्ट खरी. परंतु त्या भेटी सर्वेक्षणापूर्वीच्या असल्यामुळे मोजलेल्या नाहीत.

रोटी, कोंबडी, बटाटा, चवळीच्या लांब शेंगा. उत्तम. मेनूकार्डात सतरा चुका. दुरुस्त केलेले कार्ड मालकीणबाईंच्या हाती दिले. ते दोन्ही हातांनी घेऊन जगरूपबाई म्हणाल्या, की साहेब, एवढं लाल तर आमच्या मिरचीतसुद्धा नसतं. आदर स्पष्ट दिसत होता.

येथे "किती जण?" असे कोणी विचारीत नाही. खिडकीजवळ, रेडिएटरला लागून चार नंबरचे टेबल आहे. मी बसतो, जगरूपबाई चिठ्ठीवर "४, कमी तिखट" असे लिहून ती आत देतात. दोन वर्षांपूर्वी एकदा त्यांनी माझे नाव विचारले होते. तेव्हा "साहेब" एवढे पुरे आहे, असे मी सांगितले. पहिल्याच दिवशी नाव वाटत सुटणे उथळपणाचे असते. योग्य वेळी त्या पुन्हा विचारतील.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. सायंकाळी ७.००

इरिट्रियन उपाहारगृह. दारातच एका तरुण बाईंनी किती जण असे विचारले. एक, असे मी म्हणालो. तरीही त्यांनी माझ्या पाठीमागे पाहून खात्री करून घेतली.

तेथे एका मोठ्या परातीवर आंबूस, मऊ भाकरी पसरतात, तीवर कालवणे वाढतात, आणि सर्वांनी मिळून त्याच परातीतून खायचे असते. बाईंनी दोनदा येऊन विचारले, की बाकीचे यायचेत ना अजून? दुसऱ्या वेळी मी "वाटेत आहेत" असे उत्तर दिले. ते वस्तुस्थितीला धरून नव्हते, परंतु वाक्य म्हणून बिनचूक होते. परातीचा एक कोपरा संपविला. उरलेली परात परत जाताना सगळे उपाहारगृह तिच्याकडे पाहत होते.

निष्कर्ष: इरिट्रियन पद्धत सर्वेक्षणास गैरसोयीची.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

तुलनेसाठी जगरूप यांच्याकडे जाणे आवश्यक ठरले. हा अपवाद समजावा.

परक्या जागी शौचालयात न जाण्याचा माझा नियम आहे. आज चुकून कुणाची तरी मिरची माझ्या ताटात आली आणि नियम मोडला. आत दाराच्या मागे वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली दिसली. म्हणजे या बाबतीत हे लोक आपल्या कोणत्याही डच घरासारखेच आहेत. दर महिन्याचे एक पान, वार नाहीत, साल नाही, एकदा लिहिलेले नाव कायमचे. घरच्यांखेरीज नेहमीच्या गिऱ्हाइकांचीही नावे आहेत: "हुम्फ्री ट्राम", "फातमा शिवणवाली", "डॉक्टर (दातांचे)". ही नोंद करण्याची रीत नव्हे. आद्याक्षरे, मग आडनाव. याहून सोपे काय असते?

आमच्याही शौचालयात अशीच एक आहे. माझी पत्नी हेर्मीन हिची. तीवर मार्च महिना आहे. तीन वर्षे मार्चच आहे, कारण खिळा सैल झाला असून पाने उलटणे धोक्याचे आहे. शुभेच्छापत्रे हेर्मीन पाठवीत असे. ती गेल्यापासून आम्हाला येणारी पत्रेही थांबली. लोकांचा शिष्टाचार किती खालावला आहे, ते यावरून दिसते.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

लेबनीज उपाहारगृहाकडे निघालो होतो. पाऊस. जगरूप जवळ पडते. (नकाशावर पाहता जवळ नाही, परंतु ट्राम तिकडची आली.)

जेवणानंतर दिनदर्शिकेच्या प्रश्नाकडे लक्ष दिले. नोंद कशी करावी याचा एक नमुना तेथे असला, तर पुढील नोंदी आपोआप सुधारतील. म्हणून ऑक्टोबरचे पान वर उचलून नोव्हेंबरच्या तेरा तारखेच्या चौकोनात शाईच्या पेनने, नमुन्यादाखल, लिहिले: एल. जे. बोनेकाम्प. एखादे प्रत्यक्षातले नाव घेणे भाग होते. तारीखही प्रत्यक्षातली घेतली.

त्या दिवशी मला अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण होतात. गुरुवारच येतो, हा योगायोग.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

हुम्फ्री यांचा वाढदिवस. हे निवृत्त ट्रामचालक असून तीन नंबरच्या टेबलावर बसतात व जेवताना बोलतात. आपल्याकडील रीतीप्रमाणे, ज्याचा वाढदिवस त्याने केक आणायचा, म्हणून त्यांनीच सर्वांसाठी केक आणला होता. मग रीतीप्रमाणे सर्वांनी सर्वांचे अभिनंदन केले. जगरूपबाईंच्या सासूबाई, ज्यांना सगळे आजी म्हणतात आणि ज्या दिवसभर खिडकीशी बसून शेंगा मोडतात, त्यांनी शेंगांचे हात पुसून माझा हात धरला आणि म्हणाल्या, की अभिनंदन हो साहेब, आपला हुम्फ्री बहात्तरचा झाला. सात जणांनी माझे अभिनंदन केले. त्या तारखेला मी जन्मलो नसतानाही.

हुम्फ्रींनी मला केकचा मोठा तुकडा दिला. म्हणाले, की घ्या साहेब, व्याकरण तपासलेलं आहे. हशा झाला. मी तो सौजन्याने स्वीकारला. हशा आणि तुकडा, दोन्ही.

घरी येताना मनात हिशेब केला. एकवीस दिवस.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

मुलाचा ग्रोनिंगनहून दूरध्वनी. रूलॉफने आपली डायरी उघडली होती. पाने उलटल्याचा आवाज येत होता. म्हणाला, की बाबा, तेरा तारखेला गुरुवार येतोय, त्यानंतरचे शनिवार-रविवार आधीच भरलेले आहेत, तेव्हा नाताळच्या दुसऱ्या दिवशी वाढदिवस आणि नाताळ एकत्रच उरकून टाकू या का? "उरकून" हा शब्द तो शाळेत माझ्याकडून शिकलेला नाही. मी म्हणालो, की उलट बरेच झाले. तेराला मला बाहेर जेवणाचे आमंत्रण आहे. तो म्हणाला, अरे वा, कुणाचं? मी म्हणालो, की मित्रमंडळींचे. त्याला फार बरे वाटले. इतके बरे वाटायला नको होते.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

जगरूप. तेरा तारखेपर्यंत सर्वेक्षण स्थगित. एकाच ठिकाणच्या सखोल अभ्यासाचेही महत्त्व असते.

चार नंबरचे टेबल आज डुगडुगत नव्हते. पायाखाली कागदाची घडी होती. घडीच्या कडेला लाल शाई दिसली. मेनूकार्ड नीट जपून ठेवले आहे, हे पाहून समाधान वाटले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शौचालयात अजून ऑक्टोबर. स्वतः पान उलटणे अप्रशस्त. दुसऱ्याच्या घरचा महिना आपण बदलू नये. बाहेर येऊन जगरूपबाईंना सहज सुचविले, की आत अद्याप ऑक्टोबर चालू आहे. त्या म्हणाल्या, की साहेब, तिथे ऑक्टोबर असो की ऑगस्ट, आत जाणाऱ्याचं काम तेच. आजी इतक्या हसल्या की शेंगा सांडल्या. मीही हसलो. परंतु सूचना पोचली आहे. मी मागे वळलो तेव्हा जगरूपबाई शौचालयाकडे जाताना दिसल्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सफरचंदाचा केक सांगून ठेवला. आठ तुकड्यांचा: जगरूपबाई, त्यांचे स्वयंपाकघरातले यजमान, आजी, हुम्फ्री, फातमाबाई, दातांचे डॉक्टर, मी. आठवा ऐन वेळी कोणी आले तर.

टायला इस्त्री केली. आभाराचे भाषण तयार: चार वाक्ये, त्यांतील एक विनोदी. केक आधी दाखवायचा नाही. अभिनंदन प्रथम त्यांच्याकडून आले पाहिजे. नाहीतर ती भीक होते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सायंकाळी ७.४५

पाच वाजता पोचलो. केकचे खोके टेबलाखाली, भिंतीच्या बाजूला ठेवले. हुम्फ्री टाय पाहून म्हणाले, की काय साहेब, कोर्टात तारीख आहे का? म्हणजे हे नाटक करीत होते. मीही काही समजले नाही असे दाखविले.

साडेपाच. जगरूपबाई व हुम्फ्री गल्ल्यापाशी हळू आवाजात बोलत होते. मी खिडकीबाहेर पाहिले, त्यांना सोयीचे जावे म्हणून.

पावणेसहा. मागच्या बाजूचे दिवे गेले. मी रुमालाने ओठ टिपून ताठ बसलो. मेणबत्त्या आल्या नाहीत. आतून यजमानांचा आवाज आला, की तळणीचं मशीन लावलं की फ्यूज उडतोच, किती वेळा सांगू? दिवे परत आले.

सहा. जगरूपबाई ताट उचलायला आल्या आणि टायकडे पाहून म्हणाल्या, की छान दिसताय साहेब, आज काही विशेष? मी म्हणालो, की नाही, गुरुवार आहे. त्यांना पुरेसा वेळ दिला. त्यांनी ताट नेले.

साडेसहा. फातमाबाई आल्या, भरलेले डबे घेऊन गेल्या. डॉक्टर आलेच नाहीत.

पावणेसात. पान उलटलेच नसणार, हे लक्षात आले. दोष माणसांचा नसून दिनदर्शिकेचा. खात्री करण्यासाठी आत गेलो.

पान उलटलेले होते. नोव्हेंबर. तेरा तारखेला माझे नाव, सुवाच्य. त्याच्याखाली निळ्या पेनने: "हे कोण?" त्याखाली: "मी नाही. हुम्फ्री." त्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात: "गॅसवाले असतील." त्याखाली पुन्हा निळ्या पेनने: "गॅसवाल्याचं नाव यान आहे."

चारही नोंदी काळजीपूर्वक वाचल्या. विरामचिन्हे जागच्या जागी होती.

कोट घालून बाहेर पडलो. आजी म्हणाल्या, की या हं साहेब, पुढच्या गुरुवारी. ट्राममध्ये बसल्यावर हात रिकामे असल्याचे जाणवले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

केक आणायला जाणे योग्य दिसणार नाही. त्यांना माझा दूरध्वनी क्रमांक ठाऊक नाही. खोक्यावर नाव नाही. मी दुकानदाराला नाव घालू नको म्हणून सांगितले होते.

रूलॉफचा संदेश: मित्रमंडळींबरोबर मजा आली का? उत्तर दिले, की अवर्णनीय.

दुपारी पडताळणीसाठी घरातल्या दिनदर्शिकेची आठ पाने उलटली. खिळा पक्का आहे. तेरा नोव्हेंबरला हेर्मीनच्या तिरप्या अक्षरात: "लाम्बेर्ट. सफरचंदाचा केक!" आद्याक्षरे नाहीत, आडनाव नाही. चाळीस वर्षे मी तिला हे सांगत होतो.

पान तसेच ठेवले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

जगरूप यांच्याकडे पुन्हा पाऊल टाकायचे नाही, हा निश्चय सहा दिवस तंतोतंत पाळला. आज व्हिएतनामी. दारात विचारले, किती जण? मी म्हणालो, की पाहून सांगतो, आणि बाहेर आलो.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी टेबल चार.

आजी म्हणाल्या, की आज उशीर केलात साहेब, मी सुनेला म्हटलं, गुरुवार आहे आणि खुर्ची रिकामी कशी? जगरूपबाईंनी "४, कमी तिखट" अशी चिठ्ठी लिहिली. जेवण झाल्यावर आजी स्वतः उठल्या, एक बशी घेऊन आल्या आणि समोर बसल्या. आजवर त्या समोर बसल्या नव्हत्या.

बशीत सफरचंदाच्या केकचा तुकडा होता.

म्हणाल्या, की गेल्या गुरुवारी कुणी वेंधळा तुमच्याच टेबलाखाली अख्खा केक विसरून गेला बघा. तीन दिवस वाट पाहिली, माणूस नाही की फोन नाही. शेवटी रविवारी कापला. हुम्फ्रीने दोन तुकडे हाणले, लाज नाही त्याला. पण मी म्हटलं, एक आपल्या गुरुवारच्या साहेबांना ठेवायचा. खा. यात तिखट नाही.

केक कोणाचा, हे मला ठाऊक होते. सांगण्यासाठी वाक्यही तयार होते. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे जागच्या जागी. परंतु तोंडात घास होता आणि तोंडात घास असताना बोलू नये. केक थोडा सुकला होता. आजी संपेपर्यंत बसून राहिल्या. मी सावकाश खाल्ला.

नंतर आत गेलो. तेरा तारखेच्या चौकोनात तळाशी एका ओळीपुरती जागा उरली होती. संपूर्ण नाव लिहावे, असे ठरविले होते. पेन काढले, टोपण उघडले, आणि त्यांना कळेल अशा भाषेत लिहिले:

टेबल चार, कमी तिखट.