मधली रेघ

कामतघर, भिवंडी
दिवाळीनंतरचा सोमवार, १९७४

माझ्या प्रिय देवूस,

आजी लिहितेय. दुसरीपर्यंतच शाळा, तेव्हा काना-मात्रा तूच लावून घे. मला फार आनंद झालाय. शेजारचा चिंधू तुला इस्पितळात भेटून काल परत आला आणि म्हणाला, आजे, देवू आता मुंबईत न्हाय, घरीच ऱ्हाणार हाय. मी त्याच्या हातावर गूळ ठेवला. त्याने खाल्ला नाही, नुसता धरून बसला. गुडघ्याचंही सांगितलं त्याने, डॉक्टर काय बोलले ते. ते राहू दे.

आपली म्हैस व्याली. रेडकू तुझ्यासारखंच, एका जागी ठरत नाही. भात झोडून खळं मोकळं झालं की तू टाचेने अंगणात रेघ ओढायचास आणि हुतूतू घुमवत मांजरावर चढाई करायचास. ते बिचारं चुलीमागे. मग गावच्या संघात गेलास, मग मुंबईच्या कंपनीने नोकरीला लावलं, काम थोडं नि खेळणं फार. लोक सांगत, चौघे पायाला लोंबकळले तरी देवूचा हात रेघेवर पोचतो. नाक्यापलीकडच्या मैदानात मी एकदाच आले होते बघायला. तू दम धरलास की मीही धरायची. शेवटी सोबत आलेल्या गोदूने चिमटा काढला, म्हातारे, तू तरी श्वास घे.

खेळत होतास तोवर साहेब खांद्यावर हात टाकायचा. आता म्हणे कंपनीच्या खोलीची किल्ली मागितली. मागू दे. आपल्या दाराला किल्लीच नाही.

कामाची काळजी करू नकोस, मी आमच्या कारखान्याच्या शेठशी बोललेय. लूमवर शिफ्टभर उभं राहायचं, ते तुला जमायचं नाही. पण धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या आम्ही बाया भरतो, ते बसूनच असतं. माझ्या शेजारचं मशीन रिकामं आहे, मैना लग्न होऊन गेली. शेठ म्हणाला, औरतों का काम है अम्मा, वो पहलवान करेगा? मी म्हटलं, करेगा. मग त्या जागेवर स्वतः बसून पाहिलं, पाय लांब पसरून, गुडघा न वाकवता. पुरते जागा. सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. नंतर दोरा तुटला, तो काही केल्या दिसेना.

काल निघताना चिंधू उंबऱ्यात थांबला. तू त्याला म्हणालास म्हणे, या पायाने त्या अंगणात पाऊल टाकणार नाही, कुठेही पडून राहीन. तो गेल्यावर मी जेवले नाही. इतकी वर्षं मी अंगण सारवायची ते तुझी मधली रेघ सोडून. शेणाचा हात तिला लागू दिला नाही. शेजारची तुळजा मला वेडी म्हणायची. आज सकाळी रेघेवरूनही हात फिरवला. एका हाताने बुजेना, खोल गेली होती रे. माती घालून पुन्हा सारवली. आता सगळं सपाट आहे, कुबडी कुठे अडायची नाही. ये. खाली बघू नकोस, सरळ आत ये.

तुझीच, दार उघडं ठेवून बसलेली,
आजी राहीबाई