पावणेसहाचं वर्तुळ

मंगळ., ४ मार्च
टौरंगाच्या मधवाल्याने पोळ्यातल्या मेणकिड्याच्या अळ्या पाठवल्यात. गलेलठ्ठ. आज त्यांचं रक्त काढलं, रक्तपेशी धुऊन वेगळ्या केल्या, वर उकळून मारलेले जंतू घातले. मग दर तासाला वरचं पाणी टिपून जिवंत जंतूंच्या प्लेटवर एक थेंब. पेशींनी जंतू मारणारी पेप्टाइड्स बनवली असतील तर थेंबाभोवती जंतू वाढणार नाहीत, स्वच्छ वर्तुळ दिसेल.
हे काम मुख्यतः अळीच्या चरबीचं, असं सगळे मानतात. बॉस ग्रॅहमही. त्याच्या मोजमापाप्रमाणे चरबीला सहा तास लागतात.
सहाव्या तासाचा थेंब घरी जायच्या पापाकुराच्या ट्रेनपायी पंधरा मिनिटं आधीच उरकला. वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पावणेसहा’.

बुध., ५ मार्च
वर्तुळ!! पाचव्या तासाच्या थेंबाला काही नाही, पावणेसहाला लख्ख. म्हणजे चरबीच्या आधी रक्त. आधी!
ग्रॅहमला एवढ्यात नाही सांगायचं. अजून दोनदा करून बघते. कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय, हे वर्तुळ टिकलं तर वाढेल.
इराला मात्र सांगितलंच. माझ्या मैत्रिणीची, मंजिरीची लेक. रविवारच्या मराठी वर्गात बाराखडी गिरवायला मीच बसवली होती, आता आमच्याच लॅबमध्ये मास्टर्स करतेय. “मावशी, दॅट्स हीप्स कूल!”

सोम., १० मार्च
ताप. इरा दाराशी सूप घेऊन हजर. अळ्यांना कोंडा-मध मी घालते म्हणाली. कोणत्या डब्यात कोणत्या अळ्या ते कळावं म्हणून वही दिली. वही मराठीत. अख्ख्या इमारतीत ती वाचू शकणाऱ्या दोघीच, मी आणि इरा. गुणाची पोर.

मंगळ., १८ मार्च
आठवड्याची मीटिंग. इरा बोलायला उभी. स्लाइडवर माझी प्लेट. माझं वर्तुळ. ‘माय एक्स्पेरिमेंट’ म्हणाली. खाली वेळ, सहा तास पंधरा मिनिटं.
सव्वासहाला थेंब कोण घेतं? मग डोक्यात उजेड पडला. नऊ वर्षांची होती तेव्हा वर्गात म्हणाली होती, “पाव मीन्स क्वॉर्टर, सो पावणेसहा इज सिक्स अँड अ क्वॉर्टर.” आम्ही पोट धरून हसलो. इतकं गोड वाटलं की कुणी दुरुस्तच केलं नाही. मी तर तो किस्सा चारचौघांत सांगत फिरले.
आज तीच चूक स्लाइडवर. सव्वासहा, म्हणजे चरबीनंतर रक्त. चोरलं ते चोरलं, वर उलटं करून ठेवलं. ग्रॅहम खूश. चरबी पहिली, हे त्याचंच म्हणणं ना. “स्वीट ॲज, इरा!”
तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बुध., १९ मार्च
चहाच्या खोलीत गाठलं.
“तू आजारी होतीस मावशी. ग्रॅहमने विचारलं, व्हॉट हॅव यू गॉट? आय हॅड नथिंग.”
“म्हणून माझं?”
“वही तूच दिलीस ना.”
रडायला लागली. जवळ घेतलं नाही. मराठी वाचायला मी शिकवलं, आणि बाईसाहेबांनी पहिल्यांदा मन लावून काय वाचलं तर हे. इतका विश्वास टाकला, त्याचीच लाज वाटतेय.
सव्वासहाचं बोलले नाही. मुद्दाम. राहू दे चूक.

शुक्र., २१ मार्च
सकाळी ग्रॅहमने इराचा गोषवारा टेबलावर ठेवला. परिषदेला पाठवायचा, आज पाचच्या आत. “यू आर गुड विथ डीटेल. जरा आकडे बघ ना?”
नावं दोन. तिचं, त्याचं. माझं शेवटी, आभारात. ‘अळ्यांची देखभाल केल्याबद्दल.’
देखभाल!
आकडा सुधारला तर खरं जातं, पण तिच्या नावाने. नाही सुधारला तर खोटं जातं. माझं व्हायचं असेल तर वही ग्रॅहमसमोर ठेवायला हवी. त्याला त्यातलं ओ की ठो कळणार नाही. वाचून दाखवणार मी, आणि ‘हो, हेच लिहिलंय’ म्हणणार इरा. दुसरी साक्षीदार आणायची कुठून?

दुपारी मंजिरीचा फोन. “इरा सांगत होती, तू खूप मदत करतेस तिला.” बरं म्हटलं आणि ठेवला.

चारला इराला मेसेज केला. ‘वही घेऊन ग्रॅहमकडे जातेय. तूही ये. पावणेपाचला.’
लगेच उत्तर. ‘ओके मावशी. आय विल कम. सॉरी.’
येईल. खरंच येईल, मला माहीत आहे. सव्वापाचला, गोषवारा गेल्यावर.
पाठवल्यावर लक्षात आलं. की पाठवतानाच आलं होतं? आकड्यात लिहिता आलं असतं. अजूनही लिहिता येईल.

चार चाळीस. ग्रॅहमच्या दाराबाहेर बसलेय. एका हातात वही, दुसऱ्यात फोन.